दोन कान, एक तोंड

मित्रांनो, आधी माझी वायर सोडा, मग बोलतो. हां. आता कसं मोकळं वाटलं.

माझं नेमकं वय मलाच ठाऊक नाही, पण हेडफोनांच्या जातीत मी म्हाताराच म्हणायचा. मला दोन कान आहेत, त्यातला उजवा अधूनमधून झोपतो. एक तोंड आहे, म्हणजे गालापाशी येणारा वाकडा माइक. डोक्यावरची पट्टी एका जागी तडकलेली आहे, तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. दारव्ह्यात एक विहार आहे, त्याला लागून एक अभ्यासिका आहे, आणि अभ्यासिकेच्या खिडकीजवळच्या खिळ्यावर मी टांगलेला असतो. पंखा सुरू झाला की माझा माइक भिंतीवर टकटक वाजतो. मुलांना वाटतं, वाऱ्यानं हलतोय. वाऱ्याचं काय घेऊन बसलात, मलाच चैन पडत नाही. का पडत नाही, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोनशे भावंडांबरोबर एका खोक्यात बसून मी नागपूरच्या एका कंपनीत आलो. तिथे मोठ्या हॉलमध्ये ओळीनं माणसं बसायची आणि दिवसभर फोनवर बोलायची. कुणाचा विमा, कुणाचा बदललेला पत्ता, कुणी विसरलेला पिन. पाच वर्षांत मी इतके हॅलो ऐकले की माझ्या वायरीला त्यांचे पीळ पडले. एक मुलगा फोन ठेवला की मला टेबलावर आपटायचा. पट्टी तडकली ती त्याच्याच हातून. एक मुलगी रोज घरी जाताना ओढणीच्या टोकानं मला पुसायची. दोघांनाही मी विसरलेलो नाही. पण कंपनीनं नवे, बिनवायरचे हेडफोन आणले आणि आम्ही एका दिवसात जुने झालो. आम्हाला भंगाराच्या तराजूवर घातलं. बोलणाऱ्या वस्तूंचं वजन किती भरणार? खोकं बांधलं, एसटीच्या टपावर चढलं, आणि आमच्यातले अकरा जण दारव्ह्याला उतरले.

बसस्टँडसमोर मुख्तारभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पोस्टाच्या मोठ्या पाकिटाएवढं दुकान, पण त्यात मेलेला फोन जिवंत होतो अशी त्यांची ख्याती. माझ्या कानांचा फोम तेव्हा कुजून गेला होता. जो मला घालायचा त्याच्या कानावर काळा भुसा पडायचा. मुख्तारभाईंची मुलगी गुलनार शिवणकाम करते. तिनं ड्रेसच्या उरलेल्या कापडातून माझ्या कानांना दोन झबली शिवली, हिरवी, वर पिवळी फुलं. बाकीचे दहा भाऊ हसले मला. हसू देत. तेच कापड बघून जून महिन्यात एक मुलगी दुकानाच्या फळीपाशी थांबली.

ती मोनाली. बी.कॉम. होऊन वर्ष झालेली, बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेत सव्वा मार्कानं राहिलेली, आणि एका पायावर जास्त वेळ उभी न राहणारी. दुकानात आल्यापासून ती बोलतच होती. चिकटपट्टी दाखवून किंमत पाडली, फुलांचं कौतुक केलं, गुलनारला पेपर कसे गेले विचारलं, आणि मधेच सांगून टाकलं की तिला हेडफोन हवाय तो स्पॅनिश शिकायला. मुख्तारभाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. स्पॅनिश शिकून इथं कुणाशी बोलणार, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, "इथं नाही जी. पुण्याची कंपनी आहे. तिकडच्या देशांतल्या बँकांचे गिऱ्हाईक फोन करतात, त्यांना उत्तर द्यायचं."

मी मनात म्हटलं, झालं. आता आपल्याला विश्रांती नाही. ही पोरगी आपला माइक झिजवणार.

किती चुकलो होतो मी, मित्रांनो.

मोनालीच्या कॉलेजात सूचना लागली होती. बँकेच्या आणि पैशाच्या कामापुरती स्पॅनिश, सहा महिन्यांचा फुकट वर्ग, मोबाइलवरून. शेवटी चोवीस नोव्हेंबरला तोंडी परीक्षा, एकदाच. पास झालं तर कंपनीत जागा, नाहीतर काही नाही. मोनालीची आई सत्यशीला कापूस वेचायला जाते. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, "सहा महिने तुहे. मंग बँकेचा फारम भराचा." मोनालीनं मान डोलावली. पण रात्री मला उशाशी घेऊन झोपताना तिचा पाय पांघरुणाखाली हलतच होता. ज्यांना सव्वा मार्कानं राहायचं माहीत आहे त्यांनाच तो पाय कळेल.

दुसऱ्या दिवशी ती मला अभ्यासिकेत घेऊन गेली.

या अभ्यासिकेबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. एक लांब खोली, सहा टेबलं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखाली या खोलीत अभ्यास करून नोकरीला लागलेल्यांचे फोटो. चौदा फोटो आहेत. खोली सांभाळतात बाबारावकाका. पोस्टमन होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी दारावर आहे: येथे बोलण्यास मनाई आहे. कुणी कुजबुजलं की ते टेबलावर किल्ली वाजवतात. एकदाच. दुसऱ्यांदा वाजवायची पाळी कधी येत नाही. पण त्यांना खाष्ट समजू नका. त्यांच्या लहानपणी एका अंगणात चार घरं, चार घरांत एकवीस माणसं आणि एक कंदील होता. शांतता मिळवायला ते शाळेच्या मागच्या ओढ्यात जाऊन बसायचे. म्हणून पगारातून थोडं थोडं टाकून, वर्गणी मागून, त्यांनी गल्लीतल्या पोरांसाठी ही शांतता बांधली. विटा लोक देतात, पण शांतता कोण देतो?

मोनाली त्या शांततेत वाढलेली. गप्प बसतो तो शिकतो, हे तिच्या हाडात मुरलेलं. घरी, दुकानात, बसमध्ये तिच्या तोंडाला कुलूप नसायचं. पण टेबलाशी बसली, वही उघडली, की ओठ मिटायचे. तिला वाटायचं, यालाच अभ्यास म्हणतात.

आणि अभ्यास तिनं कसा केला म्हणता! चार नंबरचं टेबल, खिडकीची बाजू. माझ्या कानांतून धड्यातल्या बाई बोलायच्या आणि मोनालीचं पेन पळायचं. कुएन्ता म्हणजे खातं. साल्दो म्हणजे शिल्लक. फिर्मा म्हणजे सही, प्लासो म्हणजे मुदत. आपल्याकडे खातं ते खातं, पण त्यांची कुएन्ता बाईमाणूस; आपली शिल्लक बाई, तर त्यांचा साल्दो बाप्या. मोनालीनं बाया लाल पेनानं लिहिल्या आणि बाप्ये निळ्या. क्रियापदांचे तक्ते तर तिनं टेबलाच्या कडेला चिकटवले. मी देतो, तू देतोस, तुम्ही देता. ओळखीच्याला वेगळं रूप, गिऱ्हाइकाला मानाचं वेगळं. तेवढं मात्र तिला लगेच पटलं. आपल्याकडेही आईला तू आणि बँकेतल्या साहेबाला तुम्हीच म्हणतात की. ऑगस्ट संपेपर्यंत तिच्या वहीत बाराशे शब्द झाले. महिन्यातून एकदा पुण्याच्या मॅडम मोबाइलच्या पडद्यावर येऊन वर्ग घ्यायच्या, तेव्हा प्रश्न पडायच्या आत मोनालीचं उत्तर टाइप होऊन त्यांच्यापुढे जायचं. अचूक. मॅडम म्हणायच्या, दारव्ह्याची मोनाली पुन्हा पहिली.

माझे कान दिवसभर कामात असायचे. माझ्या माइकवर मात्र धूळ बसत होती. मी आपला वाट बघत होतो. आज बोलेल, उद्या बोलेल. तिचे ओठ हलायचे, शब्दाचा आकारसुद्धा व्हायचा, पण आवाज नाही. हवेचा एवढासा झोत माइकवर यायचा आणि विरून जायचा. मला खाज सुटायची हो. नागपूरच्या हॉलमध्ये काढलेली पाच वर्षं आठवायची. अरे, काहीतरी बोल. चुकीचं बोल, शिवी दे, पण बोल.

सप्टेंबरच्या शेवटी मॅडमनी सांगितलं, आज टायपिंग नाही. आज प्रत्येकानं फोनवरच्या बँकवालीसारखं बोलून दाखवायचं. मोनालीची पाळी आली. मॅडम गिऱ्हाईक झाल्या आणि स्पॅनिशमधून म्हणाल्या की माझं कार्ड चालत नाही. त्यासाठी अभ्यासिकेतून उठून ती विहाराच्या पायरीवर आली होती. तिचा घसा हलला, ओठ हलले.

"मोनाली, तुझा आवाज येत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "माइक बघ."

तिनं मला उलटंपालटं केलं. बटणं दाबली. वायर पिळली. पाच मिनिटं झाली, पाळी पुढच्याकडे गेली. मोनाली माझ्याकडे अशी बघत होती की मला माझ्या फुलांची लाज वाटली. सगळा दोष माझ्यावर ठेवून, मला मुठीत आवळून, ती तशीच मुख्तारभाईंकडे पोचली. बिघडलेला माल दिला म्हणून ती दुकानात पुष्कळ बोलली. तिथे आवाज छान निघत होता.

मुख्तारभाईंनी भिंग लावलं, माझ्या वायरीवरची छोटी डबी उघडली. आवाज बंद ठेवायचं बटण आतून अडकलं होतं. नागपूरचा मळ, जुना. म्हणजे मी दुकानातून निघालो तेव्हापासूनच मुका होतो. मित्रांनो, मलाच ते ठाऊक नव्हतं. मुख्तारभाई भिंग न काढता तिच्याकडे बघत राहिले.

"जूनमंदी नेला न तू हा?" ते म्हणाले. "चार महिने. अन् चार महिन्यांत याच्यात एकदाबी नाई बोलली काय, बेटा?"

त्यांनी बटण साफ केलं, फुंकर मारली, माझ्यात स्वतः दोनदा हॅलो म्हणून बघितलं आणि पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाले, "आता मशीन फस्टक्लास हाय. आता आवाज नाई आला त माह्याकडे नको येऊ."

मॅडमनी आठ दिवसांनी पुन्हा संधी दिली. या वेळी माझा माइक एकदम ताजातवाना होता. मुंगी चालली असती तरी पुण्याला ऐकू गेलं असतं. मॅडमनी तोच प्रश्न विचारला. आणि माझ्यातून काय गेलं माहीत आहे? श्वास. नुसता श्वास, भरलेला, अडलेला. बाराशे शब्द तिच्या घशाशी उभे होते आणि एकही पुढे व्हायला तयार नव्हता. दोष माझा नव्हता. पण खरं सांगू, तो माझा असता तर मला बरं वाटलं असतं.

मॅडम रागावल्या नाहीत. सात आठवडे आहेत, एवढंच बोलल्या.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मोनाली टेबलाशी बसायची आणि पंधरा मिनिटांत उठायची. विहाराला चकरा मारायची. माझी वायर बोटाला गुंडाळायची, सोडायची, गुंडाळायची. घरी बोलून बघावं तर एका खोलीत आई, मामा आणि मामाची दोन पोरं. पोरं तिचे शब्द पकडून तिचीच नक्कल करायची. अभ्यासिकेत बोलायची तर सोय नाही. शेवटी सकाळी सात वाजता ती मला गळ्यात अडकवून विहाराच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायला लागली. भिंतीला सांगायची, एन के पुएदो आयुदार्ले, म्हणजे मी आपली काय मदत करू. भिंत काय बोलणार? दोन शब्द व्हायचे, तिसरा पुन्हा ओठांतच.

आता त्याच भिंतीच्या पलीकडे, पिंपळाच्या पारावर, रोज सकाळी वेचणीला जाणाऱ्या बाया बसतात. पूनमसिंगची जीप तांड्यावरून येते आणि त्यांना शेतांवर नेते. जीप साडेसातची, येते आठला. त्या अर्ध्या तासात बाया तंबाखू मळतात, डबे नीट बांधतात, सगळ्या गावाची खबर घेतात. सत्यशीलाही त्यांच्यातच. पण भिंतीआडून डोकावली ती कौसल्यामावशी. उंच, हडकुळी, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारी.

"भित्तीले काय सांगून राह्यली व पोरी?"

मोनाली दचकली. बँकेत आलेल्या बाईशी स्पॅनिशमध्ये कसं बोलायचं त्याची तयारी करते, असं तिनं पुटपुटत सांगितलं.

"मंग भित्तीचं खातं हाय काय बँकेत?" कौसल्यामावशी म्हणाली. "आमचं हाय. इकडे ये."

पारावर हशा पिकला. सत्यशीलानं पदरानं तोंड झाकलं, पण सरकून जागा तिनंच केली. मोनाली भिंतीला वळसा घालून आली. तिची मान इतकी तापली होती की माझी झबली गरम झाली.

कौसल्यामावशीनं लगेच तक्रार मांडली, खोटी नाही, खरीच. बँकेत पैसे काढायला अंगठा लावावा लागतो. कापूस वेचून वेचून, बोंडांच्या काट्यांनी तिच्या बोटांवरच्या रेघाच पुसल्या होत्या. मशीन अंगठा घेत नाही. काउंटरवरचा माणूस म्हणतो, हात धुऊन या. धुऊन गेली. तेल लावून या. लावून गेली. चार फेऱ्या झाल्या होत्या. "माह्या अंगठ्यानं काम केलं," ती म्हणाली, "म्हणून माह्यंच खातं मले वयखत नाई काय?"

मोनालीनं श्वास घेतला आणि पाठ केलेली वाक्यं स्पॅनिशमधून घडघड म्हणून टाकली. पहिल्यांदा! माझ्या माइकवर आवाज आदळला, जाडाभरडा, घाबरलेला, पण आवाज. मला नाचावंसं वाटलं.

कौसल्यामावशीला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण ती मान हलवून म्हणाली, "सांगून राह्यली का हाकलून राह्यली? असं त आमचा काउंटरवालाबी बोलते."

दुसऱ्या बाया हो म्हणाल्या. मोनाली खजील झाली, आणि मला तिथंच उमगलं की ही परीक्षा पुण्याच्या परीक्षेहून कठीण आहे. या बायांना स्पॅनिश येत नव्हती, पण काउंटरपलीकडचा आवाज त्यांच्याइतका कुणी ओळखत नव्हता. कुणी खरंच ऐकतंय आणि कुणी घड्याळाकडे बघत बोलतंय, हे त्या भाषा न कळता सांगायच्या. दुसऱ्या दिवशी मोनाली परत आली. तिसऱ्या दिवशीही. बाया आपापली भांडणं वऱ्हाडीत मांडायच्या, पासबुक छापून मिळत नाही, मोबाइलवर आलेला नंबर समजत नाही, आणि मोनाली स्पॅनिशमधून उत्तर द्यायची. वहीत नसलेले शब्द लागायला लागले. बोटाच्या ठशासाठी त्यांच्याकडे उएया हा शब्द आहे, तो तिनं कौसल्यामावशीसाठी शोधला. कापसाला आल्गोदोन म्हणतात हेही. लाल-निळी शाई मागे पडली. बाईच्या जागी बाप्या झाला तरी ती थांबेना, पुढच्या वाक्यात सुधारून घ्यायची.

सर्वांत जास्त कामी आलं एक वाक्य: नो से प्रेओकूपे. काळजी करू नका. ते नीट म्हटलं की बायांनी ग्रासिआस म्हणायचं, म्हणजे धन्यवाद, असं ठरलं होतं. घाईघाईत म्हटलं तर सगळ्यांनी तोंड फिरवायचं. पहिले पंधरा दिवस तोंडंच फिरली. मग एके सकाळी कौसल्यामावशी म्हणाली, ग्रासिआस बाई. हळूहळू जीपला उशीर झाला तरी त्या एकमेकींना नो से प्रेओकूपे म्हणायला लागल्या. पूनमसिंगला वाटलं, बाया आपल्याला शिव्या देतात. तो आठवडाभर वेळेवर आला.

आणि चोवीस नोव्हेंबर उजाडली.

परीक्षा सकाळी दहाला, अभ्यासिकेत, कारण नेट तिथलंच बरं. बाबारावकाकांनी तासाभरासाठी खोली रिकामी करून दिली होती. द्यायला त्यांना जड गेलं. त्या खोलीत आजवर कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, हातात किल्ली. नियम कडक होता: खोलीत परीक्षा देणारा एकटाच हवा, दुसरं कुणी बोललं तर परीक्षा रद्द. तो आठवडी बाजाराचा दिवस, वेचणी बंद. त्यामुळे बाया पारावर न जाता अभ्यासिकेच्या खिडकीखाली येऊन बसल्या होत्या. मोनालीला माहीत नव्हतं. सत्यशीलानं सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं.

परीक्षक बाई वयस्क होत्या, पांढरे आखूड केस, चष्मा साखळीला. त्या रागावलेलं गिऱ्हाईक झाल्या. सकाळपासून दुकानात उभी आहे, कार्ड अडवलंय, मागे रांग हसतेय, असं भराभर बोलल्या. मग थांबल्या.

मोनाली गप्प.

एक सेकंद. दोन. मी घाबरलो. तोच श्वास, तेच अडणं, असं वाटलं. तीन. पण नाही, तिचा पाय हलत नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो पाय स्थिर होता. ती ऐकत होती. आणि मग तिनं ते वाक्य म्हटलं, सावकाश, जसं पारावर म्हणायची तसं. नो से प्रेओकूपे, सेन्योरा.

आणि खिडकीखालून, सवयीनं, समाधानानं, मोठ्यानं आवाज आला, "ग्रासिआस बाई."

मित्रांनो, मुख्तारभाईंनी माझा माइक फारच चांगला साफ केला होता.

परीक्षक बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी चष्मा लावला. खोलीत कोण आहे, त्यांनी विचारलं, स्पॅनिशमध्येच, आता गिऱ्हाइकाच्या आवाजात नाही. मोनालीनं कॅमेरा खिडकीकडे वळवला. गजांमागे नऊ डोकी. कौसल्यामावशीनं तोंडावर हात दाबून धरला होता, डोळ्यांत पाणी. सत्यशीला दगडासारखी उभी. दाराबाहेरच्या खुर्चीवर किल्ली खुळखुळली आणि थांबली.

या प्रश्नाचं उत्तर बाराशे शब्दांच्या वहीत नव्हतं. पाठ केलेलं काहीच नव्हतं.

"सोन मिस क्लिएन्तास, सेन्योरा," मोनाली म्हणाली. या माझ्या गिऱ्हाईक आहेत. "कोन एयास आप्रेन्दी आ आब्लार." यांच्याशीच मी बोलायला शिकले.

पलीकडे चष्मा पुन्हा साखळीवर उतरला.

मग परीक्षक बाईंनी विचारलं, त्या उंच बाईंची तक्रार काय आहे? मोनालीनं खिडकीशी जाऊन विचारलं. कौसल्यामावशी आधी बोलेचना. तिला वाटत होतं, आपण पोरीचं वाटोळं केलं. शेवटी तिनं अंगठा गजांतून आत केला आणि सगळं सांगितलं, काटे, तेल, चार फेऱ्या. मोनाली एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये नेत गेली. उएया आली, आल्गोदोन आला. एका जागी ती अडली, शब्द सापडेना, तेव्हा तिनं स्वतःची बोटं कॅमेऱ्यासमोर धरून जमिनीवर घासल्यासारखी केली आणि पुढे गेली. परीक्षक बाईंनी विचारलं, बँकेकडे दुसरं यंत्र नाही का? हा प्रश्न तिनं वऱ्हाडीत परत आणला. कौसल्यामावशी म्हणाली, "मले काय ठाव? म्या इचारलंच नाई."

बावीस मिनिटं त्या खोलीत बोलणं चाललं. किल्ली वाजली नाही.

निकाल नऊ दिवसांनी आला. त्या नऊ दिवसांत मोनालीनं माझ्या वायरीचे इतके वेढे केले की डावा कानही झोपायला लागला. निवड झाली होती. खाली एक ओळ होती की उमेदवारानं नियम मोडला नाही, तो तिच्या गिऱ्हाइकानं मोडला, आणि गिऱ्हाइकांना आमच्याकडे नियम लागू नाहीत. सत्यशीलानं ती ओळ तीनदा वाचून घेतली. मग म्हणाली, कौसल्याले सांगून ये, दोन घास जेवली नाई ते त्या दिवसापासून.

पुण्याला जायच्या आधी मोनाली कौसल्यामावशीला घेऊन बँकेत गेली. मी गळ्यातच होतो. तिनं मराठीतच, त्याच आवाजात, न हाकलता आणि न घाबरता विचारलं की अंगठा लागत नसेल तर दुसरं काय आहे. डोळ्यानं ओळख पटवायचं यंत्र कपाटात होतं. वर प्लास्टिकचं वेष्टणही तसंच. कुणी मागितलंच नव्हतं.

कंपनीनं मोनालीला नवा हेडफोन दिला, बिनवायरचा. जाताना तिनं मला पुसलं, ओढणीच्या टोकानं, थेट नागपूरच्या त्या मुलीसारखं. आणि या खिळ्याला टांगून गेली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पुष्कळ दिवस कोळी माझ्या माइकला घर समजत होता.

मग एका सकाळी बाबारावकाका रंगाचा डबा घेऊन आले. त्यांनी दारावरची पाटी उतरवली नाही. तिच्याखाली, तासभर लावून एक ओळ वाढवली: सायंकाळी पाच ते सहा येथे गप्प बसण्यास मनाई आहे.

आता त्या तासाला पोरं येतात. कुणी इंग्रजी वाचतं, कुणी मुलाखतीची उत्तरं देतं, मुख्तारभाईंची पुतणी मुस्कान स्पॅनिशची पहिली वही घेऊन बसते आणि खिडकीतून कौसल्यामावशी तिला तोंड फिरवून दाखवते. सगळी जणं मला ओढतात. म्हणून सांगतो, मित्रांनो, मला डोक्याच्या पट्टीला धरून काढा, वायरीला धरून नको. महिन्यातून एकदा कानाची झबली धुवा. बटण अडकलंय का, ते चार महिन्यांनी नाही, पहिल्या दिवशी बघा. आणि ते बघायचा उपाय एकच आहे, बोलून बघणं. चुकलं तरी मी कुणाला सांगत नाही.

पंखा लागला वाटतं. माझी टकटक सुरू झाली. पाचला अजून सात मिनिटं आहेत, आणि मला दम निघत नाहीये.